बर्फातले शूज आणि कोकणातली दमट हवा : तुंगनाथ-चंद्रशिला करून आल्यावरचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ह्या टाईपचे शूज चार-पाच कंपन्या काढतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं रडगाणं आणि कौतुक सारखंच असतं. घोटा झाकणारे ट्रेकिंग शूज, आत वॉटरप्रूफ अस्तर, वरून थोडं कापड थोडं स्वेड, बोटांपुढे रबराची टोपी, खाली चांगल्या खोल खाचांचा सोल, एका बुटाचं वजन अर्धा किलोला थोडं कमी. किंमत साडेपाच हजार. दुकानात बोर्डावर लिहिलेलं "स्नो, मड, रॉक", म्हणजे बर्फ, चिखल, कातळ तिन्हीला चालणार. चिखल आणि कातळ आमच्या चिपळूणात फुकट मिळतो, बर्फ मात्र मच्छीमार्केटमध्ये सुरमईच्या खाली असतो तेवढाच बघितलेला.

त्यामुळे "कोकणात राहून तुला बर्फाचे बूट कशाला" हा प्रश्न सासूबाईंपासून ते दूधवाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला. तर ते तुंगनाथ-चंद्रशिलासाठी. उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यात चोपता म्हणून जागा आहे, २७०० मीटरच्या आसपास, तिथून फरसबंद वाटेने साडेतीन-चार किलोमीटर चढलं की तुंगनाथ, पंचकेदारातलं सगळ्यात उंचावरचं देऊळ, ३६८० मीटरवर, आणि त्याच्या डोक्यावर अजून दीडेक किलोमीटर उभा चढ चढलं की चंद्रशिला, सुमारे ४००० मीटर. सकाळी निघून दोन्ही करून दुपारी खाली, एका दिवसाचं काम. मार्चअखेरीला देवळाला कुलूप असतं (देव हिवाळ्यात खाली मक्कूमठला असतात, दार एप्रिल-मेमध्ये उघडतं), पण बर्फ अजून असतो आणि त्याच वेळी खालच्या जंगलात बुरांश लालभडक फुललेला असतो, म्हणून आम्हाला तेच दिवस हवे होते. शिवाय शिमग्याच्या आधी आमच्याकडचं कोणी हलणार नाही आणि आंबा उतरायला लागला की पण कोणी हलणार नाही, त्यामुळे पालखी घरी येऊन गेली आणि कलमं अजून तयार व्हायची होती त्या मधल्या फटीत आम्ही घुसलो. मी, माझे दीर, मोठ्या जाऊबाई आणि खेडचा एक मित्र आणि त्याची बायको.

आता शूज. चिपळूणात बायकांच्या साइजमध्ये असले शूज मिळत नाहीत, दुकानदार सरळ "मुलांचा पाच नंबर बघा ना वहिनी" म्हणतो, म्हणून पुण्याला गेले तेव्हा मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानातून घेतले. संध्याकाळी गेले होते, मुद्दाम, कारण दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रेकमध्ये पाय तेवढेच सुजतात, सकाळी फिट बसलेला बूट दुपारी चावतो. जाडे लोकरीचे सॉक्स सोबत नेले होते ते घालूनच ट्राय केले. नेहमीच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठा घेतला. दुकानात एक लाकडी उतरती फळी ठेवलेली असते, तिच्यावर उभं राहून पाय पुढे दाबून बघायचा, बोटं टोपीला लागली तर तो नंबर तुमचा नाही. तिथल्या मुलाने हे न विचारता दाखवलं, त्याला पूर्ण मार्क. बिलिंगच्या लाइनला शून्य.

नवीन शूज घालून डायरेक्ट हिमालयात जायचं म्हणजे फोड घेऊन यायचं, म्हणून फेब्रुवारीत आम्ही रसाळगड-सुमारगड केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड, महिपतगड अशी तीन गडांची ओळ आहे, आपण त्यातले शेजारचे दोन घेतले. रसाळगड सोपा आहे, वर झोलाईदेवीचं देऊळ, इकडे तिकडे पडलेल्या तोफा, गाडी बरीच वर जाते त्यामुळे फॅमिलीवाले पण येतात. सुमारगड म्हणजे वेगळीच भानगड. समोर दिसतो पण मधलं जंगल दाट, कारवी, ढोरवाटा एकमेकींत घुसलेल्या, गावातला माणूस सोबत नसेल तर जाऊच नका.

इथे शूजची पहिली खरी परीक्षा झाली आणि सांगायला आनंद होतो की जांभ्यावर हे शूज जबरदस्त आहेत. कोरडा जांभा खरखरीत असतो त्यामुळे त्यावर कुठलाही बूट चिकटतो म्हणा, पण जांभ्याचे जे छोटे गोटे सुटून वाटेवर पडलेले असतात, पायाखाली गोल फिरणारे, त्यांच्यावर ह्या खोल खाचांनी चांगलं धरलं आणि घोट्याला आधार असल्यामुळे पाय मुरगळला नाही. घसाऱ्यावर टाच रोवून उतरता आलं. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत उतारावर आडवं झोपलेलं असतं त्याच्यावर मात्र कुठलाच सोल चालत नाही, तिथे सगळे सारखेच बसून घसरतात.

पण कुसळं! दुकानातल्या बोर्डावर स्नो मड रॉक होतं, कुसळ नव्हतं. ह्या शूजच्या जिभेला आणि कॉलरला आतून मऊ फोमचं कापड आहे, पायाला छान लागतं, आणि सह्याद्रीतलं एकूण एक कुसळ त्या कापडात जाऊन बसतं. वरून ओढलं की शेपटी हातात येते आणि टोक आतच. सुमारगडाच्या अर्ध्या वाटेवर मी बूट काढून मांडीवर घेऊन भुवयांच्या चिमट्याने कुसळं उपटत बसले होते आणि गावातले वाटाड्ये आजोबा साधी टायरची चप्पल घालून बाजूला विडी ओढत उभे, शेवटी म्हणाले, "त्या बुटापरास सपाता बरा गो बाय." गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं कापडी आवरण) लावले असते तर हा त्रास झाला नसता हे खरं, पण बत्तीस डिग्रीत गेटर कोण लावतं.

त्याच दिवशी दिरांच्या शूजचं जे झालं ते ह्या रिव्ह्यूमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

दिरांचे शूज माझ्यापेक्षा महागातले, चांगल्या कंपनीचे, काही वर्षांपूर्वी घेतलेले आणि एकदोनदा वापरून खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेले. दिसायला कोरे करकरीत. रसाळगडावर देवळापाशी पोचेपर्यंत काही नाही. मग सुमारगडाच्या वाटेला लागलो आणि डाव्या बुटाची टाच बोलायला लागली, फटक फटक. बघितलं तर सोल अर्धा सुटलेला, आणि सुटला म्हणजे गोंद निघाला असं नाही, मधला फोमचा थर बोटाने दाबला की ओलसर भुगा होऊन हातात येत होता. थोड्या वेळाने उजवा पण. आजोबांच्या पिशवीत सुंभ होतं म्हणून वाचलो, दोन्ही सोल बुटाला सुंभाने आडवे-उभे बांधले आणि दीर तसेच परत आले, वाटेत ज्याने बघितलं त्याने विचारलं.

चिपळूणला आमचे नेहमीचे बूट-चपला दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी बूट हातात घेतला, फोमात नख खुपसलं आणि म्हणाले, "वहिनी, हे उसवलेलं नाय, हे कुजलंय. ह्याला मी शिवून काय करू?" असले बूट त्यांच्याकडे दर वर्षी येतात म्हणे, सगळे न वापरलेले.

नंतर वाचून कळलं ते असं. बऱ्याच चांगल्या ट्रेकिंग शूजमध्ये मधला थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. टिकाऊ असतो, वजन घेतो, दबत नाही. पण हवेतल्या बाष्पाने त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात, ह्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि उष्ण दमट हवेत ते जास्त भराभर होतं. गंमत म्हणजे वापरात असलेला बूट त्यातल्या त्यात जास्त टिकतो कारण चालताना फोम दाबला-सुटला जातो आणि ओल बाहेर पडते, खोक्यात बंद पडून राहिलेला आधी मरतो. दुसरा प्रकार ईव्हीएचा फोम, तो हलका असतो, काही काळाने दबून सपाट होतो, पण असा भुगा होत नाही. आता विचार करा, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने कपाटातल्या बेल्टवर आणि पर्सवर हिरवी बुरशी, मीठ डब्यात पाझरतं, अशा घरात माळ्यावर खोक्यात पीयूचा बूट म्हणजे तो कुजणारच. लेह-मनालीच्या लोकांना हा प्रॉब्लेम एवढा येत नाही, आणि शूजचे रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक त्या हवेतले, त्यामुळे हे कोणी लिहीत नाही. माझ्या शूजचा मधला थर ईव्हीएचा आहे हे मी दुकानात दोनदा विचारून आणि टॅगवर वाचून घेतलं होतं तेही फक्त वजन कमी म्हणून, आता त्याचा वेगळाच आनंद आहे. दिरांनी दुसऱ्याच दिवशी माझ्याच मॉडेलचा पुरुषांचा जोड मागवला.

मार्चअखेरीला रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस, निजामुद्दीन, हरिद्वार, मग ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत उखीमठ. उखीमठला मुद्दाम मुक्काम केला, समुद्रसपाटीवरची माणसं आपण, एकदम २७०० मीटरवर जाऊन झोपायचं आणि सकाळी ४००० चढायचं म्हणजे डोकं धरणारच, वर हवेचा दाब आपल्याकडच्या साठ-एकसष्ट टक्के असतो. तरी खेडच्या मित्राचं डोकं धरलंच, पण ते सावकाश चालून आणि पाणी पिऊन निभावलं.

चोपत्याला भाड्याच्या सामानाची दुकानं आहेत आणि इथे माझ्या साडेपाच हजाराचा खरा हिशोब झाला. जाऊबाई आल्या होत्या साध्या सकाळी फिरायला जायच्या स्पोर्ट्स शूजमध्ये. आम्ही सगळ्यांनी त्यांना आधी भरपूर ऐकवलं होतं. त्यांनी दुकानातून मायक्रोस्पाइक आणि गेटर भाड्याने घेतले, दोन्हीचे मिळून तीनशेच्या आत, एक काठी घेतली, पायात दोन सॉक्स आणि मध्ये प्लास्टिकची पिशवी. आणि पहाटेच्या त्या कडक बर्फावर त्या माझ्यापुढे होत्या!

कारण सांगते. पहाटेचा बर्फ म्हणजे आपण फोटोत बघतो तसा मऊ नसतो. आदल्या दिवशी उन्हाने वरचा थर विरघळतो, रात्री परत गोठतो, आणि लोकांनी चालून चालून वाट जिथे दाबलेली असते तिथे तर काच होते. त्या काचेवर कुठल्याही कंपनीचा रबराचा सोल घसरतो, माझा पण घसरला, थंडीत रबर अजून कडक होतं. तिथे लागतात स्पाइक. म्हणजे रबराचा एक पट्टा बुटावरून ताणून चढवायचा, खाली साखळ्या आणि त्याला स्टीलचे बोटाच्या पेराएवढे दात, पाय सरळ सपाट टाकायचा की दात रुततात. मी पहिला टप्पा माझ्या सोलच्या भरवशावर चढले, बघू तरी म्हणून, आणि एका वळणावर दोन पावलं पुढे एक पाऊल मागे चाललं होतं तेव्हा जाऊबाई वरून म्हणाल्या, "अगं लाव ते दात, शूज कोणी बघत नाहीये इथे." लावले. पुढे प्रश्न आला नाही.

तर कडक बर्फासाठी शूज नाही, स्पाइक महत्त्वाचे, आणि ते भाड्याने मिळतात. फक्त घेताना बघून घ्या, रबराचा पट्टा ताणून बघा कुठे चीर आहे का, दात बोथट झालेत का, कारण मधेमधे फरसबंदी उघडी असते आणि लोक न काढता तसेच दगडावर खणखण करत चालतात त्याने दात जातात. माझ्या डाव्याला एक साखळी तारेने जोडलेली होती. बदलून मागितला तर भाईजींनी हसत हसत दुसरा दिला, "दीदी, आप तो चेक करके लेती हो." सुरमईचे कल्ले बघून घेणाऱ्या माणसाला स्पाइक बघून घ्यायला काय कष्ट.

देवळापर्यंतची वाट बुग्याळातून जाते, म्हणजे उन्हाळ्यात हिरवी कुरणं असतात ती, तेव्हा सगळी पांढरी. बुरांशची झाडं त्याच्या खालीच थांबतात. देवळाच्या आवारात ढोपरभर बर्फ आणि घंटा वाजवायला कोणी नाही. बंद दाराला नमस्कार केला, जाऊबाईंनी घरून आणलेली खोबऱ्याची वाटी उंबऱ्यापाशी ठेवली. पुढचा चंद्रशिलेचा चढ उभा आहे आणि तिथे स्पाइकशिवाय मी तरी कोणाला जाऊ देणार नाही, एका बाजूला उतार लांबपर्यंत जातो. वर छोटंसं देऊळ, आणि समोर चौखंबा, ७१३८ मीटर, इतका जवळ वाटतो की आपण उगाच थांबलो असं वाटतं. त्रिशूळ आणि नंदादेवी पण दिसली. गॉगल मात्र लावाच, ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आमच्यातल्या एकाने फोटोसाठी काढून ठेवला आणि संध्याकाळी डोळे चोळत बसला.

शूज कामाला आले ते उतरताना. साडेदहा-अकरानंतर ऊन चढलं आणि त्याच बर्फाचा रबरबाट झाला. वरून कवच, खालून मऊ, पाय टाकला की कवच फुटून गुडघ्यापर्यंत आत. इथे आम्हा लोकांना एक फायदा होता, लावणीच्या चिखलात ज्याने पाय उपसलाय त्याला हे नवीन नाही, घाईने ओढायचा नाही, टाच आधी सैल करायची आणि मग पाय सरळ वर घ्यायचा. दिल्लीचा एक ग्रुप पाय तिरका ओढून बूट आतच ठेवून बाहेर येत होता. स्पाइक ह्या ओल्या बर्फात उलट त्रास देतात, साखळीत बर्फाचा गोळा चिकटतो आणि टाचेखाली उंचवटा होतो, म्हणून देवळाच्या खाली आल्यावर आम्ही काढून टाकले आणि तिथून खालपर्यंत फक्त शूजच्या खाचा. त्या ओल्या बर्फात, विरघळलेल्या पाण्यात आणि शेवटच्या टप्प्यातल्या चिखलात माझे शूज एकदाही घसरले नाहीत. जाऊबाईंचा सपाट सोल मात्र तिथे पार हरला, त्या काठी आणि दिरांचा खांदा ह्यांच्या जोरावर खाली आल्या.

वॉटरप्रूफचं काय ते नीट सांगते, कारण ह्यावर लोकांचा फार गैरसमज आहे. आतलं अस्तर खरंच पाणी आत घेत नाही, ते मी आधी घरामागच्या पऱ्यात घोटाभर पाण्यात उभं राहून बघितलं होतं. पण बुटाच्या बाहेरच्या कापडाला वेगळा लेप असतो ज्याने पाण्याचे थेंब घरंगळतात, तो लेप घासून जातो, माझा सुमारगडाच्या कारवीत आणि कुसळं उपटण्यात बराचसा गेलाच होता. मग काय होतं, बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, पाय गार पडतो, आणि बाहेरचं कापड भिजलं की आतला घाम पण बाहेर जाईनासा होतो, म्हणजे आतून पण ओलं. मला वाटलं बूट गळतोय. गळत नव्हता, रूमवर येऊन टिश्यू पेपर आत दाबून बघितला तर फक्त पंजाकडे दमट होतं, शिवणीपाशी कोरडं. त्यावर उपाय म्हणजे लेपाचा स्प्रे मिळतो तो जायच्या आधी मारायचा. गेटर नसता तर मात्र वरून बर्फ आत गेला असता आणि मग कसलं वॉटरप्रूफ, उलट आत गेलेलं पाणी बाहेर पण येत नाही.

बोटांचं, एक नंबर मोठा घेतल्यामुळे अंगठ्याची नखं वाचली. उतरायच्या आधी वरच्या दोन हुकांपाशी लेस आवळून बांधायची, घोटा गच्च आणि पंजा सैल, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. मित्राच्या बायकोने नेहमीच्या नंबरचे घेतले होते, तिचं एक नख काळं पडलंय. टाचेला मला एकही फोड नाही.

वाळवायला ठेवताना, लॉजवाल्याने प्रेमाने शेगडीपाशी ठेवायला सांगितले तरी ठेवू नका, गोंद सुटतो. इनसोल काढून, लेस पूर्ण उघडून, आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बोळे बदलायचे. सकाळी नव्वद टक्के कोरडे होते.

आता परत आपल्या गावात. हे शूज कोकणात रोजच्या भटकंतीला घेणार असाल तर दोनदा विचार करा. ते आतलं अस्तर घाम बाहेर टाकतं ते आत जास्त गरम-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तेव्हा. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेरच बुटाच्या आतल्यासारखी हवा, मग घामाने जायचं कुठे? आल्यावर परशुरामच्या बाजूला सहज म्हणून घालून गेले तर अर्ध्या तासात सॉक्स पिळता आले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गडावर, मस्त. मार्चपासून साधे जाळीचे घाला. आणि पावसाळ्यात तर बिलकुल नाही, कारण शेवाळलेला ओला जांभा हा वेगळा प्राणी आहे, खोल खाचांचा त्याला काही फरक पडत नाही, तिथे मऊ रबर लागतं आणि ते ह्या सोलमध्ये नाही. वरून एकदा आत पाणी गेलं की आपल्या हवेत हे शूज तीन दिवस वाळत नाहीत आणि वास असा येतो की सासूबाईंनी ते ओटीवरून अंगणात आणि अंगणातून गोठ्याकडे पाठवले.

पावसाळ्यात ठेवायचे कसे ते काकांनीच सांगितलं. खोक्यात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबातच नाही. लेस उघडून, कागद भरून, उघड्यावर हवेशीर टांगून, आणि आठ-पंधरा दिवसांनी घरातल्या घरात का होईना पायात घालून थोडं चालायचं. आमच्या कपाटात झिरोचा बल्ब लावलेला असतो बुरशी येऊ नये म्हणून, त्याच कपाटात खालच्या कप्प्यात माझे शूज जाणार आहेत.

घ्यावेत का? वर्षातून एखादी हिमालयाची फेरी आणि हिवाळ्यात आपले गड एवढं करत असाल तर घ्या, पैसे वसूल आहेत, फक्त मधला फोम कुठला ते विचारून घ्या आणि पीयू म्हणाला तर दुसरा दाखव म्हणा. आयुष्यात एकदाच तुंगनाथ बघायचंय तर माझं ऐका, जाऊबाईंचा फॉर्म्युला वापरा, स्पाइक-गेटर भाड्याने आणि फक्त खाचा असलेला साधा ट्रेकिंग शू दोन हजारातला, सपाट सोल नको. मी ह्या शूजना पाचपैकी साडेतीन देते. अर्धा कुसळांमुळे गेला, एक घामामुळे.

अजून एक, सोबत येणाऱ्या लेस गोल आणि गुळगुळीत आहेत, दर थोड्या वेळाने सुटतात, गारठलेल्या बोटांनी ग्लोव्हज काढून परत बांधणं म्हणजे वैताग. चिपळूणच्या बाजारात चपट्या लेस चाळीस रुपयाला मिळतात, लांबी मोजून न्या, घोट्यापर्यंतच्या बुटाला दीड मीटरची लागते.